फोटो खरा, हिशेब चुकीचा

"फोटो काय खोटा आहे का? त्याची गाडी दिसते ना समोर!" हिंगणीच्या पट्ट्यातल्या तरुणांशी प्रगतीचा विषय काढला की हे वाक्य येतंच. मागोमाग दुसरं येतं, "सगळे पुढे गेले, मीच मागे राहिलो." पहिल्यावरून दुसरं सिद्ध झालं, असं बोलणाऱ्याला मनापासून वाटतं. ते सिद्ध होत नाही. कितीही वेळा सांगितलं तरी हा गैरसमज हटत नाही, म्हणून आज तो नीट उलगडून पाहू.

गैरसमज : मोबाईलवर दिसतं ते खरं आहे, म्हणजे मी खरंच मागे पडलो आहे.

वस्तुस्थिती : हे समजायला हिंगणीकरांना लांब जायला नको, बोरचं जंगल शेजारीच आहे. 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं, सुमारे 138 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्राचं हे जंगल गाभ्याच्या मानाने देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडतं. सफारीत ज्याला वाघ दिसला, तो संध्याकाळपर्यंत व्हिडिओ टाकतो. ज्याला चितळं आणि धूळ दिसली, तो बहुतेक वेळा गप्प बसतो. ते व्हिडिओ पाहून येणाऱ्या पाहुण्याला वाटतं, बोरला गेलं की वाघ दिसतोच. त्यातला एकही व्हिडिओ खोटा नसतो, तरी अंदाज साफ चुकतो. कारण रिकाम्या फेऱ्या कुणी मोजलेल्याच नसतात.

माणसांच्या प्रगतीचंही तेच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2024 च्या नागरी सेवा परीक्षेसाठी 9,92,599 जणांनी अर्ज केले, 5,83,213 जण पूर्वपरीक्षेला बसले आणि शेवटी 1,009 जणांची शिफारस झाली. हे आकडे सरकारनेच जाहीर केलेले आहेत. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे 578 जणांमागे एक. गुलाल, हार, मिरवणूक, फ्लेक्स या एकाच्या वाट्याला येतात. उरलेल्या पाच लाख ब्याऐंशी हजारांचा फ्लेक्स कुठल्याच चौकात लागत नाही. नागपूरच्या अभ्यासिकेत बसलेला गावचा पोरगा मात्र मोबाईलवर रोज तो एकच पाहतो आणि स्वतःला अपवाद समजतो. अपवाद तो फ्लेक्सवरचा आहे.

यात भर घालणारी आणखी दोन कारणं आहेत. एक, माणसं दुःख झाकतात. अलेक्झांडर जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेलं संशोधन प्रसिद्ध झालं. आपल्या सोबत्यांच्या वाट्याला वाईट प्रसंग किती येतात, याचा अंदाज विद्यार्थी प्रत्यक्षापेक्षा कमीच करत होते. हा अंदाज जितका कमी, तितका एकटेपणा जास्त, असंही त्यात दिसलं. दोन, यादीचं गणित. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी 1991 मध्ये दाखवलं, की बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ज्याच्या ओळखी जास्त, तो जास्त लोकांच्या यादीत येणारच. म्हणजे आपल्या पडद्यावरची माणसं ही गावाची सरासरी नव्हेच. त्यातही, ज्यावर लोक जास्त थांबतात तेच अॅप पुढे ढकलतं.

शेतीतही हीच फसगत होते. कुणी एकरी विक्रमी कापसाची रील टाकतो. ती जमीन किती खोल, पाणी ठिबकचं की पावसाचं, खर्च किती, हे तीस सेकंदांत येत नाही. आणि कोरडवाहू पऱ्हाटी करणारा शेतकरी स्वतःलाच नालायक ठरवतो!

घरातल्या मोठ्यांनाही स्पष्ट सांगायला हवं. "तो पाय, कुठचा कुठी गेला!" असं म्हणत पोराच्या तोंडासमोर मोबाईल धरणं हे मार्गदर्शन नाही. अर्धी माहिती देऊन पूर्ण निकाल लावणं आहे ते. ते थांबवा.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

"तुलना करणं हाच दोष." नाही. लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्येच मांडलं होतं, की मोजायला ठोस माप नसेल तेव्हा माणूस आपल्यासारख्या इतरांकडे पाहून स्वतःला जोखतो. हा स्वभाव आहे.

"मोठं यश पाहिलं की प्रेरणा मिळतेच." लॉकवूड आणि कुंडा यांच्या 1997 च्या प्रयोगांत, आवाक्यातलं वाटणारं यश उभारी देत होतं, आवाक्याबाहेरचं वाटलं तर उलट खच्ची करत होतं.

"अॅप काढलं की सगळं ठीक." अमेरिकेत 2018 मध्ये लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. समाधान वाढलं, पण थोडंच. हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला.

"पोरांच्या सगळ्या नैराश्याचं मूळ मोबाईलच." ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. त्यांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकाचा फार तर 0.4 टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. नापिकी, कर्ज, बेकारी, घरातला ताण यांच्याकडे डोळेझाक करून मोबाईलवर खापर फोडता येणार नाही.

"हे फक्त तरुणांचं दुखणं." व्हॉट्सअॅपवर नातेवाइकांच्या नव्या घराचे फोटो पाहून पन्नाशीतली माणसंही खंतावतात.

मग करायचं काय? उत्तर फेस्टिंगर यांच्या म्हणण्यातच आहे : ठोस माप हाताशी ठेवा. शेतकऱ्याने त्याच वावराचा मागच्या तीन हंगामांचा पाऊस, खर्च आणि एकरी उतारा वहीत लिहावा. विद्यार्थ्याने मागच्या चाचणीचे गुण आजच्या गुणांशेजारी मांडावेत. धंदा करणाऱ्याने गेल्या दिवाळीचं कर्ज आणि या दिवाळीचं कर्ज पाहावं. वही खाली गेल्याचं सांगेल, तर तेही ऐकावं. निदान ती पूर्ण हिशेब सांगते.

आणि मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. मदत मागितल्याने कुणीही मागे पडत नाही.