जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारे निम्मे लोक एकच प्रश्न घेऊन येतात. 'सर, जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ की एक्स्चेंजमध्ये?' मी महाविद्यालयात शिकवतो मराठी, पण विंडोज ९८ च्या काळापासून संगणकाचा नाद असल्यामुळे टिळकवाडीपासून शहापूरपर्यंतच्या ओळखीच्या घरांत मी बिनपगारी संगणक-वैद्य आहे. घरी गेलो की चहाबरोबर एखादा बंद पडलेला सीपीयूही समोर येतो!

यंत्राविषयीचे उत्तर सोपे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत. म्हणून ते निकामी होतात असे मात्र नाही. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवा, रॅम आठ जीबी करा आणि लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घाला. पत्रे लिहिणे, हिशेब, इंटरनेट, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी तो संगणक आणखी काही वर्षे सहज चालेल. नवीन घ्यायचाच असेल तर घ्या, माझी हरकत नाही. पण त्याआधी जुना एकदा सुरू करा आणि त्यात मराठीत काय काय लिहून ठेवले आहे ते पाहा.

हे सांगण्याचे कारण घडले खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या घरी. २००३ च्या सुमारास त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. देवळाची बांधणी, शेतांची जुनी नावे, प्लेगच्या वेळी गाव रानात कसे राहायला गेले त्याच्या ऐकीव हकिकती, असा सारा ऐवज. सांगणारी म्हातारी माणसे आता हयात नाहीत. हस्तलिखित वाळवीने खाल्ले. राहिली ती डीटीपीवाल्याने टाइप करून दिलेली फाइल. नातवाने ती नव्या लॅपटॉपवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला. 'आजोबा, व्हायरस लागलाय, डिलीट करतो,' म्हणून त्याचे बोट कळीपर्यंत गेलेही होते. नशीब, गुरुजींनी आधी मला फोन करायला लावला.

तो व्हायरस नव्हता. ती फाइल 'शिवाजी' फॉन्टमध्ये होती.

हा काय प्रकार आहे ते थोडे समजून घेऊ. त्या काळात शिवाजी, किरण, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे सुरेख असे कितीतरी फॉन्ट आपल्याकडे चालत. त्यांतल्या बहुतेकांची युक्ती एकच होती. संगणकाला मराठी येतच नव्हते, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवली गेली. आपल्याला पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असे. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो आणि खालचे इंग्रजी उघडे पडते. शिवाय प्रत्येकाची बसवण्याची पद्धत निराळी, त्यामुळे शिवाजीतला मजकूर कृतिदेवमध्ये लावला तर तिसरेच काहीतरी दिसे. आपल्या शेजारच्या कन्नडची कथा वेगळी नाही. 'नुडी'च्या जुन्या आवृत्त्यांमधल्या फाइलींचे आज हेच होते.

युनिकोडने हा घोळ मिटवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र वाफा दिला आहे आणि 'क' जगात कुठेही 'क'च राहतो. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्टसह ही सोय आली होती. तरी आपल्याकडचे डीटीपीवाले पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टवर राहिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ज्या पेजमेकरवर त्यांचे पोट चाले त्याला युनिकोडातली देवनागरी जमतच नव्हती. परिणाम असा, की या भागातल्या स्मरणिका, मंडळांचे अहवाल, देवस्थानांचे हिशेब, लग्नपत्रिका, नवोदित कवींच्या वह्या असे बरेच काही जुन्या संगणकांत नाहीतर पिवळ्या पडलेल्या सीडींवर अडकून आहे.

मग करायचे काय? फाइल वर्डमध्ये उघडा, मजकूर निवडा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसते ते पाहा. फॉन्ट संगणकात नसला तरी नाव तिथे दिसते. ते आकड्यासकट जसेच्या तसे लिहून घ्या, कारण श्रीलिपीतच अनेक मालिका आहेत. जुना संगणक चालू असेल तर विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून तो फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्यात बसवा. गुरुजींचे पान एवढ्यानेच मराठीत दिसू लागले. चष्मा काढून ते बराच वेळ नुसते पाहत बसले.

पण दिसणे म्हणजे वाचणे नव्हे. मजकूर युनिकोडात आणावाच लागतो. त्यासाठी मोफत परिवर्तक मिळतात. तुमच्या फॉन्टचा नेमका परिवर्तक निवडा आणि आधी एकाच पानावर करून पाहा. मजकुरात मधेमधे इंग्रजी शब्द असतील तर तेवढे वगळा, नाहीतर त्यांचेही मराठी होऊन बसते.

परिवर्तक किती चांगला हे पाहायला मी तीन शब्द वापरतो : 'किल्ला', 'मूर्ती' आणि 'दुसऱ्या'. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडात ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचे नेमके उलटे, तो युनिकोडात अक्षराच्या आधी येतो. ही अदलाबदल परिवर्तकाला जमली नाही तर रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'दुसऱ्या'तला आडवा र तर हिंदीसाठी बनवलेल्या परिवर्तकांना बहुधा ओळखताच येत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे, की परिवर्तनानंतर मूळ पान शेजारी ठेवून माणसानेच मुद्रितशोधन करावे. गुरुजींच्या फाइलीत चूक सर्वांत जास्त कुठे झाली असेल, तर शेतांच्या आणि माणसांच्या नावांत. तीच शब्दकोशात नसतात आणि तीच जपायची असतात.

फॉन्ट सापडलाच नाही आणि छापील प्रत हाताशी असेल तर पानांचे स्वच्छ फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी अक्षरे बऱ्यापैकी ओळखली जातात. एक खुबी सांगतो. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर ती तशीच देऊ नका, पानांची चित्रे करून द्या. नाहीतर पीडीएफच्या पोटातले तेच इंग्रजी बाहेर येण्याची भीती असते.

नवे काही लिहाल ते मात्र युनिकोडातच लिहा. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारी फोनेटिक पद्धत सोपी आहे, विंडोजमध्ये ती २०१९ पासून आहे. तरी मी मुलांना इनस्क्रिप्टच शिकवतो. तिच्यात भारतीय लिप्यांचा कळफलक जवळपास सारखाच आहे. ज्या कळीवर मराठी 'क' त्याच कळीवर कन्नड 'क'. बेळगावच्या पोराला एका कष्टात दोन भाषा मिळत असतील तर आणखी काय हवे?

मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि नवी युनिकोड प्रत तिन्ही एकत्र ठेवा आणि हा सारा संच निदान तीन ठिकाणी ठेवा, त्यांपैकी एक घराबाहेर. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. आणि संगणक देऊन टाकताना आतली हार्ड डिस्क काढून घ्या. नुसत्या डिलीटने त्यावरचे बँकेचे कागद पुसले जात नाहीत, आणि काही मराठी फाइल राहून गेली असेल तर साध्या यूएसबी अ‍ॅडॅप्टरने ती पुढेही काढता येते.