शोभेची दारू आणि शेजारधर्म



यावल हें सातपुड्याच्या पायथ्याचें, केळीच्या बागांनीं वेढलेलें गांव. दिवाळी येते तेव्हां त्या भागांत कापसाची वेंचणी चालू असते. विकावयाचा कापूस कित्येकांच्या ओसरीवर व माडीवर भरलेला असतो. परसांत गुरांसाठीं कडबा रचलेला असतो. म्हणजे वर्षाची कमाई आणि गुरांचा चारा हीं दोन्हीं एका ठिणगीच्या टापूंत असतात, आणि नेमक्या त्याच चार दिवसांत आपण शोभेची दारू उडवितों. म्हणून हा प्रश्न एका घरच्या हौसेचा रहात नाहीं. तो सबंध आळीचा होतो.

सोरा, गंधक आणि कोळसा हें या दारूचें जुनें त्रिकूट. जळण्यास लागणारा प्राणवायु सोऱ्यांतूनच मिळतो. त्यामुळें ती पेटली म्हणजे नुसतें झांकण घालून विझत नाहीं. निरुपद्रवी समजून आपण लहान मुलांच्या हातीं देतों ती फुलबाजीसुद्धां हजार अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापते. पाणी शंभर अंशांवर उकळतें, हें आठवलें म्हणजे या उष्णतेची कल्पना येईल. विझलेली तार बराच वेळ तापलेली राहते. अंगणांत न टाकतां ती पाण्याच्या बादलींत बुडवावी.

आतां कायद्याकडे वळूं. फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांस १९९९ च्या नियमानें मनाई केली आहे. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत आवाजाचे फटाके वाजवूं नयेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं ठरविलें. पुढें २०१८ सालीं त्याच न्यायालयानें दिवाळीसाठीं रात्रीं ८ ते १० ही वेळ नेमून दिली. फटाक्यांच्या माळा व बेरियमचे क्षार यांवर बंदी घातली. आणि विक्री परवानाधारक दुकानदारांनींच करावी असें सांगितलें. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोंवतालचा शंभर मीटरचा शांतता-टापू वर्ज्यच समजावा. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें कमी धुराचे ‘हरित फटाके’ सिद्ध केले आहेत. त्यांतून निघणारे धुराचे कण सुमारें ३० टक्क्यांनीं कमी असतात. खोक्यावरील खूण पाहूनच खरेदी करावी. स्थानिक अधिकाऱ्यांनीं त्या वर्षीं काढलेली सूचनाही वाचावी.

नरकचतुर्दशीस पहांटे चार वाजतां फटाका लावण्याची आपली जुनी हौस या नियमांत बसत नाहीं, हें स्पष्ट बोललें पाहिजे. पण उटणें आहे, पणत्या आहेत, फराळ आहे. आवाजावांचून अभ्यंगस्नानाला उणेपणा येत नाहीं.

फटाके उडवितांना अंगावर सुती, अंगासरशीं बसणारे कपडे असावेत. जवळ पाण्याच्या भरलेल्या बादल्या व वाळू असावी. भुईनळा लांब उदबत्तीनें, तोंड बाजूला ठेवून पेटवावा. त्यावर ओणवें होऊं नये. बाण एकदां सुटला कीं त्याची दिशा आपल्या हातीं रहात नाहीं; म्हणून तो आळींत उडवूंच नये, कापूस-कडब्यापासून दूर मोकळ्या मैदानावर न्यावा. न फुटलेला फटाका पुन्हां पेटवावयास जाऊं नये. थोडा वेळ थांबून दुरूनच त्यावर पाणी ओतावें. मुलांजवळ एक जाणतें माणूस सतत उभें असावें.

इतकें करूनही कोणी भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटें वाहतें गार पाणी सोडावें. बर्फ, तूप, शाई किंवा दंतमंजन लावूं नये. डोळ्यास इजा झाल्यास तो चोळूं नये. दाब न देतां झांकून तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. रुग्णवाहिकेसाठीं १०८ आणि अग्निशामक दलासाठीं १०१ हे क्रमांक दाराशीं लिहून ठेवावेत.

शेवटीं एक सूचना. लक्ष्मीपूजनापूर्वीं आळींतील चार कर्त्या स्त्रीपुरुषांनीं एकत्र बसून एक जागा व एक वेळ ठरवावी. कोणाच्या घरीं बाळंतीण आहे, कोणाचे वडील दम्यानें बेजार आहेत, कोणाचा कापूस अजून बाजारांत गेलेला नाहीं, हें कायद्याला ठाऊक नसतें. शेजाऱ्याला ठाऊक असतें. आपल्या आनंदाची ठिणगी त्याच्या ओसरीवर पडणार नाहीं एवढें पाहणें, हाच या सणांतला शेजारधर्म होय.