गुरांची गेली, मेंढरांची राहिली

दिवाळी उलटली, भातकापणी झाली की धनगरांचे वाडे बोरघाट उतरून पनवेल-पेणच्या खाचरांकडे येतात. शेतात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत जमिनीला. बदल्यात वाड्याला धान्य किंवा पैसे. पाऊस येण्याआधी पुन्हा घाट चढायचा. या मुक्कामात मेंढराला सणकून ताप भरला, नाक-डोळे गळू लागले, तोंडात फोड आले आणि हगवण लागली, तर शंका येते ती बुळकांडीची.

बुळकांडी मुळात गुरांची. तिचा अभ्यास करायला १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली, चार वर्षांत ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली. २०११ मध्ये हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर समूळ संपवलेला हा दुसराच रोग. नाव तेवढं उरलं, शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या रोगाला चिकटून. यात अडाणीपणा शोधू नये. दोन्ही विषाणू गोवराच्या कुळातले, लक्षणंही जुळी. भारतात पीपीआर वेगळा रोग म्हणून ओळखला गेला तो १९८७ मध्ये, तमिळनाडूत. तोवर मेंढ्यांतल्या अशा साथी जाणकारही गुरांच्याच बुळकांडीच्या खाती टाकत.

मग गुरांची गेली आणि मेंढरांची का राहिली? विषाणू तसा नाजूक. अंगाबाहेर फार टिकत नाही, श्वासातून आणि जवळिकीतून पसरतो. लसही उत्तम आहे. हिमाचलमधल्या सुंगरीच्या एका शेळीत सापडलेल्या विषाणूपासून ती मुक्तेश्वरलाच तयार झाली आणि एका टोचणीने किमान तीन वर्षं संरक्षण देते. अडचण कळपाची आहे. गाय वर्षानुवर्षं दावणीला राहते. मेंढरं विकली जातात, कोकरं जन्मतात आणि दोन-तीन वर्षांत निम्मा कळप नवा, म्हणजे न टोचलेला. त्यात हा कळप चालता. एका जिल्ह्यात टोचणी, दुसऱ्यात मुक्काम, तिसऱ्यात बाजार. घाट उतरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी लस दिली तर तिचा खरा उपयोग, कारण प्रतिकारशक्ती यायला तेवढा अवधी लागतो.

जगातून पीपीआर घालवण्याची मुदत २०३० आहे. इकडे पनवेलच्या खाचरांवर इमारती उभ्या राहताहेत. उरलेल्या शेतांत आणि पाणवठ्यांवर वाडे एकमेकांना खेटून बसणार, आणि या विषाणूला हवी असते ती नेमकी हीच दाटी.