घोटीची पेठ आणि व्यवस्थापनाचा अभ्यास

नाशिकच्या बीवायके कॉमर्स कॉलेजच्या नावातली तीन अक्षरं म्हणजे भिकुसा यमासा क्षत्रिय. सिन्नरच्या विडी उद्योगातलं हे मोठं नाव. 1957 साली हे कॉलेज सुरू झालं आणि जिल्ह्यातल्या पेठांमधल्या मुलांना वाणिज्य शिकण्याची सोय घराजवळ झाली. घोटी-सिन्नर रस्त्याच्या या, घोटीच्या टोकालाही व्यापारच होता, तांदळाचा. मात्र कॉमर्स म्हणजे तेव्हा जमाखर्च, बँकिंग आणि व्यापारी कायदा. धंदा चालवायचा कसा, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्याकडे कोणी फारसं धरून चालत नव्हतं. ते गादीवर बसून शिकायचं, वडिलांच्या किंवा शेठच्या नजरेखाली.

विषय म्हणून व्यवस्थापन आलं ते वरून, आणि बरंचसं अमेरिकेतून. 1961 मध्ये कोलकाता आणि अहमदाबादची आयआयएम उभी राहिली, एकीला एमआयटीचा हात होता, दुसरीला हार्वर्डचा. 1965 मध्ये मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था स्टॅनफर्डच्या सहकार्याने निघाली. पुणे विद्यापीठात हा विभाग 1971 चा. देशाला मोठे कारखाने चालवणारी माणसं हवी होती, त्यामुळे पुस्तकंही मोठ्या कारखान्यांची आली. त्यात गैर काही नव्हतं. सातपूर, अंबड उभं राहिलं, इगतपुरीत महिंद्राचा कारखाना आला, गोंद्याला सॅमसोनाइट. पर्सोनेल, स्टोअर्स, क्वालिटी हे शब्द घोटीच्या घराघरांत या नोकऱ्यांमुळे रुजले.

माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं खरं वळण 1 जुलै 1989 चं आहे. त्या दिवशी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, आणि तेही आपल्या नाशकात. राम ताकवले पहिले कुलगुरू. दुकान सोडून ज्याला कॉलेजात जाता येत नव्हतं, लग्न होऊन जिचं शिक्षण थांबलं होतं, अशांच्या हाती मराठीतली पुस्तकं पडली. नियोजन, संघटन, नियंत्रण हे सगळं आपल्या भाषेत वाचता येतं, परीक्षाही आपल्या भाषेत देता येते, याचं मोल शहरातल्या माणसाला कळणार नाही. गल्ल्यावर बसून अभ्यास करणाऱ्यांची एक पिढी त्यातून निघाली, आणि तिचा मला फार अभिमान वाटतो.

पुढचं वेगाने झालं. नव्वदचं दशक संपताना मुंबई विद्यापीठाचं बीएमएस आलं, पुणे विद्यापीठात बीबीए फोफावलं, गावोगावच्या पोरांना टाय लागला. 2024 मध्ये हे पदवी अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी आली. पहिल्या सीईटीला पुरेशी मुलं आली नाहीत म्हणून पुन्हा एक घ्यावी लागली. मुंबईतल्या काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदलून वाट काढली. बारावीनंतर काय, हे उशिरा ठरवणाऱ्या खेड्यातल्या मुलावर या गोंधळाचा भार सगळ्यात जास्त पडला, हे मात्र नोंदवायलाच हवं.

या साऱ्यात एक गोष्ट राहून गेली, आणि ती मला सतत खटकते. घोटीतली राईस मिल कुठल्या वर्गात आलीच नाही.

दिवाळीच्या आगेमागे भात निघतं. मिलवाल्याची वर्षाची खरेदी पुढच्या दोन-तीन महिन्यांत आटपते, आणि तांदूळ मात्र बारा महिने विकायचा असतो. पैसा आधी अडकतो, सुटतो हळूहळू. खरेदीला पोत्यात हात घालून मूठभर भात काढायचं, दोन-चार दाणे दाताखाली फोडायचे. कट्‌कन फुटला तर सुकलेला, चेपला तर ओला. ओलं घेतलं तर गिरणीत कणी जास्त पडते आणि गोदामात बुरशीची भीती. फार कडक वाळलं तरी दाणा तुटतोच. क्विंटलभर भातातून अखंड-तुटका धरून साधारण पासष्ट-सदुसष्ट किलो तांदूळ, वीस किलोच्या आसपास तूस, उरलेला बराचसा कोंडा. तूस भट्टीला, कोंडा ढेपेला किंवा तेलाला, कणीचं गिऱ्हाईक वेगळंच. इंद्रायणी नवी विकायची की जुनी करून? कोणाला उधारी किती, आणि ती कोणाच्या शब्दावर? खेळतं भांडवल, साठा, दर्जा, जोखीम हे सगळे धडे त्या एका ओट्यावर आहेत. आमची मुलं मात्र ते टोयोटाच्या उदाहरणावरून शिकतात आणि समर प्रोजेक्टला अंबडला जातात.

मुंबईच्या डबेवाल्यांवर केस स्टडी लिहिली हार्वर्डने, 2010 मध्ये. मावळची ती माणसं शंभरहून अधिक वर्षं हे काम करत होती, पुणे-मुंबईच्या संस्था हाकेच्या अंतरावर होत्या. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना घेऊन सह्याद्री फार्म्स उभी केली, तिच्याकडे आता अभ्यासक वळतात हे चांगलंच. पण सह्याद्री मोठी झाल्यावर दिसली. लहान पेठेतला धंदा लहान असतानाच बघायला हवा, चुकतमाकत चालतो तेव्हा.

आता संधी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीतच फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग, आणलं आहे, म्हणजे मिलच्या ओट्यावर घालवलेल्या वेळाला क्रेडिट मिळू शकतं. आणि विषय समोरच उभा आहे. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या वाहनांवर ज्यांचं पोट आहे, ते घोटीतले हॉटेलवाले, गॅरेजवाले, रस्त्याकडेला तांदूळ विकणारे, यांच्या गल्ल्यात पहिल्या वर्षी काय फरक पडला? मिलवाल्याचं मुंबईचं भाडं कमी झालं की टोलमुळे वाढलं? ट्रक कोणत्या रस्त्याने जातात, आणि ते कोण ठरवतं, मालक की ड्रायव्हर? पहिल्या वर्षाचे आकडे पहिल्या वर्षीच गोळा करावे लागतात. घोटी-इगतपुरीतल्या कॉमर्सच्या प्राध्यापकांनी एक तुकडी वह्या घेऊन पेठेत पाठवली, तर दुकानदार चहा पाजून हिशेब सांगतील, एवढी खात्री मी देतो.