पाठीकडून पाहा

पालघर जिल्ह्यातल्या मनोरच्या बाजारात कोयत्या, विळे, खुरपी गोणपाटावर मांडलेली असतात. एकाच्या ढिगातली कोयती उचलून शेजारच्याच्या ढिगात टाकली, तर गिऱ्हाइकाला पत्ताही लागणार नाही. ज्याने ती ठोकली त्याला मात्र लागतो. तो धारेकडे बघतच नाही. पातं उलटं धरतो, पाठीवरून अंगठा फिरवतो आणि मुठीत जाणारी शेपटी जिथे निमुळती व्हायला लागते तिथे थांबतो. तिथली जाडी, हातोड्याचे ठसे, खांद्याचा उतार यांवरून त्याला आपलं काम ओळखता येतं. धार प्रत्येक वेळी नव्याने लावली जाते. पाठ एकदाच घडते.

नक्कल कुणी कुणाची केली, या भांडणात बसायची वेळ आली की मीही पाठीकडूनच सुरुवात करतो. मुंबई-पुण्याकडे हौसेने सुऱ्या घडवणारे आता दिसू लागलेत, आणि त्या जमवणारेही. चांगल्या सुरीला काही हजार मोजले जातात. मग कधीतरी तशीच सुरी दुसऱ्याच कारागिराकडे दिसते आणि ठिणगी पडते. सगळे एकमेकांच्या ओळखीतले, त्यामुळे कोर्टाआधी मध्यस्थ गाठला जातो. मध्यस्थ बहुधा दोन्ही पाती शेजारी ठेवून साम्यं मोजायला बसतो. साम्यं भरपूर सापडतात, पण त्यांतली बरीचशी कुणा एकाची नसतात.

म्हणून आधी वजाबाकी. ही पाती पुष्कळदा ट्रकच्या भंगारात निघालेल्या कमानपाट्यातून घडतात, आणि अहमदाबाद महामार्गाकाठी पाट्यांना तोटा नाही. पाट्याची रुंदी आणि जाडी कारखान्यात ठरलेली असते, तेव्हा दोन पात्यांची मापं जुळली तर त्यात कुणाचंच कसब नाही. फांदी ओढून तोडायची तर नाक पुढे वळवावंच लागतं. कमरेच्या आकडीत अडकवायची तर कोयती फार लांब करून चालत नाही. हौशी सुरीला तर सरकारी मापही आडवं येतं: शेती, घरकाम वा कारखान्याचं अवजार नसेल आणि पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल, तर ते शस्त्र कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतं. दोघांची पाती पावणेनऊ इंचांवर थांबलेली दिसली तर त्यात काय नवल? दोघेही एकाच कायद्याला भ्यायलेत.

एवढं सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं, तेवढ्यावरच बोलायचं. बटर पेपर घ्यायचा, टोकदार पेन्सिलीने दोन्ही सुऱ्यांची बाह्यरेषा काढायची, कागद एकावर एक ठेवून खिडकीला लावायचे. पाठीची रेषा नाकाकडे कुठे मोडते, मुठीचं पोट कुठे फुगतं, बोटाची खाच धारेच्या टाचेपासून किती अंतरावर आहे, हे तिथे उघडं पडतं. आणि सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे निरुपयोगी गोष्ट. पहिल्याच्या ग्राइंडरचं चाक लहान, म्हणून त्याच्या खाचेला विशिष्ट गोलाई आली असेल. दुसऱ्याकडे मोठं चाक आहे, तरीही त्याच्या सुरीत तीच गोलाई मुद्दाम कानशीने आणलेली दिसली, तर मला फारसं विचारायचं उरत नाही. कामाची गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते. दुसऱ्याची अडचण कुणाला आपोआप सुचत नाही.

मग तारखा. आधी बनवलं कुणी, यावर शपथा पुष्कळ खाल्ल्या जातात. मी बिल मागतो, कुरियरची पावती मागतो. त्यानंतरचा प्रश्न असा की विकताना सांगितलं काय? अमेरिकेतल्या बॉब लव्हलेसची (१९२९–२०१०) उतरत्या टोकाची शिकारी सुरी जगभरच्या कारागिरांनी घडवली आहे, आणि ‘लव्हलेस धाटणीची’ असं सांगून विकली तर कुणी चोर म्हणत नाही. त्याच सुरीवर त्याचा शिक्का मारला की ती बनावट. घडीच्या चाकूच्या कळीचं ‘लायनरलॉक’ हे नाव चाकू-कारागीर मायकेल वॉकरने ट्रेडमार्क करून घेतलं. तशी कळ मात्र असंख्य चाकूंमध्ये आहे. नावाचा मालक वेगळा, युक्तीचा वेगळा, आणि मुठीच्या वळणाचा आणखीच वेगळा, हे एकदा मान्य झालं की निम्मा आवाज खाली येतो.

आपला डिझाइन कायदा २००० सालचा. तो फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो, यंत्ररचनेला नाही. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढवता येते. नक्कल सिद्ध झाली तरी एका डिझाइनमागे वसूल होणारी ठरावीक रक्कम जास्तीत जास्त पन्नास हजार. त्याहून अधिक हवं तर नुकसानभरपाई आणि मनाई हुकमाचा दावा लावायचा. समोरच्याने ‘हे रूप मुळात नवं नाहीच’ असा बचाव घेतला की खटला जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात जातो, म्हणजे पालघरहून मुंबईला. कारागीर पुष्कळदा अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. सुरी घडली की आधी तिचा फोटो जगाला दाखवतात आणि अर्ज मागाहून करतात. तोवर रूप प्रसिद्ध झालेलं असतं, नवेपणा गेलेला असतो, आणि तो स्वतःच्याच हाताने घालवलेला.

मग जे रूप एका माणसाचं नाहीच, त्याचं काय? याच जिल्ह्यातल्या वारली चित्रकलेला २०१४ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीच, २०१० मध्ये, कोका-कोलाच्या दिवाळीच्या जाहिरातीत वारली आकृत्या वापरल्याबद्दल ‘आयुश’ या आदिवासी युवकांच्या संघटनेने कंपनीला कायदेशीर नोटीस दिली होती. मानांकनाचा जोर मुख्यतः नावावर असतो; नाव न घेता आकृत्या छापणाऱ्याला धरणं अवघड जातं. २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका टिकली नाही. दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी, असा न्यायालयाचा रोख होता. कोयतीच्या बाकाला असा मालकच नाही. उद्या शहरातल्या कुणी तो आपल्या नावे नोंदवला, तर ‘हा बाजारात आधीपासून आहे’ एवढा पुरावा ती नोंदणी रद्द करायला पुरेसा ठरू शकतो. पण गोणपाटावरच्या विक्रीला बिल नसतं, आणि तारीखवार फोटो कोण काढून ठेवतो?

म्हणून निवाड्याला बसताना दोन सुऱ्यांच्या जोडीला मी बाजारातली कोयतीही टेबलावर ठेवतो. एकदा दोघं जण एका वळणावरून हातघाईवर आले होते. मी तिसरा बटर पेपर काढला. नाकापासून खांद्यापर्यंत दोघांच्याही रेषा कोयतीच्या रेषेवर तंतोतंत बसल्या. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भांडण पुन्हा सुरू झालं, मुठीतला पितळी खिळा आधी कुणी बसवला यावरून.