पेंग्विनची पिल्ले आणि पाळीने राबणारे आईबाप

मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजेच राणीच्या बागेत, १५ ऑगस्ट २०१८ रोजी पेंग्विनचे एक पिल्लू अंड्यातून बाहेर आले. भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधला म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले. पण आठवडाभरातच, २२ ऑगस्टला, ते दगावले. अंड्यातील बलक पोटात शोषला गेला नव्हता आणि यकृताचे कार्यही नीट चालत नव्हते, असा प्राथमिक निष्कर्ष शवविच्छेदनातून निघाला. पक्ष्याचे पिल्लू कवच फोडण्याच्या सुमारास उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि सुरुवातीचे काही दिवस त्यावर तगते. ही शिदोरी जिरली नाही, तर तीच जिवावर उठते.

राणीच्या बागेत पेंग्विन आले ते जुलै २०१६ मध्ये, दक्षिण कोरियातील सोलहून, आठांच्या संख्येने. त्यांतील एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरात मरण पावली. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला आणि मुंबईच्या उकाड्यात बर्फातला पक्षी कशासाठी, असा प्रश्न त्या काळात जो तो विचारू लागला. खर्चाबद्दलचे आक्षेप बाजूला ठेवले, तरी या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत आणि या जातीचा बर्फाशी काही संबंध नाही. पेरू आणि चिली या देशांचा रखरखीत, खडकाळ किनारा हे त्यांचे घर. त्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहात अँचोव्हीसारखे छोटे मासे विपुल असतात, त्यांवर ते जगतात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतके साचलेले थर, ज्यांना ग्वानो म्हणतात, ते उकरून त्यांत बिळे करावीत आणि बिळात दोन अंडी घालावीत, ही त्यांची रीत. हाच ग्वानो खत म्हणून जगभर विकला गेला आणि थर खरवडले गेले, तशी पेंग्विनांची बिळेही गेली.

अंडी उबवण्यास साधारण चाळीस दिवस लागतात. नर आणि मादी आलटून पालटून अंड्यांवर बसतात; एक घरात, तर दुसरा समुद्रावर. पिल्ले झाल्यावरही हाच क्रम दहा-बारा आठवडे चालतो. मासे जवळ असतील तर हा संसार सुरळीत चालतो. एल निनोच्या वर्षी मात्र किनाऱ्यालगतचे पाणी तापते, मासे दूर किंवा खोल जातात, समुद्रावर गेलेल्याला परतण्यास उशीर होतो आणि बिळातली पिल्ले उपाशी मरतात. १९८२-८३ च्या एल निनोने या जातीची फार मोठी हानी केली होती. राणीच्या बागेत ही चिंता उरत नाही. जोडीदार काही पावलांवर असतो आणि मासे कर्मचारी वेळेवर देतात. तेथे २०२१ साली मे आणि ऑगस्ट महिन्यांत दोन पिल्ले झाली, ती जगली. एकाचे नाव ओरिओ, दुसऱ्याचे ऑस्कर. (पेंग्विनांची नावे मराठी का नाहीत, यावरूनही पुढे वाद रंगला. मुंबईला वादाचे विषय कधी कमी पडत नाहीत.)

पेंग्विन म्हणजे बर्फ हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले, त्याला चित्रपटांचा मोठा हातभार आहे. त्यांत अग्रस्थान ल्युक जाके या फ्रेंच दिग्दर्शकाच्या २००५ सालच्या 'मार्च ऑफ द पेंग्विन्स' या माहितीपटाचे. जाके स्वतः जीवशास्त्राचा अभ्यासक. अंटार्क्टिकावरील ड्युमाँ द्युरव्हिल या फ्रेंच तळाजवळ वर्षभराहून अधिक काळ चित्रीकरण करून त्याने एम्परर पेंग्विनांचे एक संपूर्ण विणीचे वर्ष पडद्यावर आणले. २००६ मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

अंटार्क्टिकाचा हिवाळा ऐन भरात येत असताना, मे-जूनच्या सुमारास, एम्परर मादी एकच अंडे घालते आणि ते नराच्या पायांवर सोपवते. बर्फावर अंडे फार वेळ राहिले तर आतला जीव गोठतो, त्यामुळे ही देवघेव काही क्षणांतच आटोपावी लागते. नवख्या जोड्यांचे अंडे अनेकदा येथेच वाया जाते. नर अंडे पायांवर तोलून पोटाच्या घडीखाली झाकतो आणि मादी भुकेने व्याकूळ होऊन समुद्राकडे निघते. त्यानंतर सुमारे ६५ दिवस तो अन्नावाचून उभा राहतो. प्रणयकाळापासून मोजले तर त्याचा उपवास ११५ दिवसांच्या आसपास जातो आणि शरीराचे जवळजवळ ४० टक्के वजन घटते. वादळी वाऱ्यात हे नर एकमेकांना खेटून दाट घोळका करतात. बाहेर हाडे गोठवणारी थंडी असताना घोळक्याच्या आत तापमान कधी कधी ३५ अंशांच्याही वर जाते.

पिल्लू बाहेर आले आणि मादी अजून परतली नसेल, तर इतके दिवस उपाशी असलेला बापच अन्ननलिकेतून दह्यासारखा स्राव काढून त्याला भरवतो. मात्र हे काही दिवसच शक्य असते. वजन एका मर्यादेखाली उतरले, की नर पिल्लाला सोडून समुद्राची वाट धरतो. आपल्याला हा निर्दयपणा वाटतो. पण वीस वर्षे जगू शकणारा हा पक्षी पुढच्या हंगामात पुन्हा अंडे उबवू शकतो आणि त्याच्या मरणाने पिल्लू काही वाचणार नसते. मादी परतते तेव्हा हजारोंच्या गर्दीत ती जोडीदाराला ओळखते ते आवाजावरून. या जातीला घरटे नसते, त्यामुळे ठरलेली जागाही नसते. एम्परर पेंग्विन एकाच वेळी दोन स्वर काढतो आणि त्या दोन स्वरांचा मेळ प्रत्येकाचा वेगळा असतो.

चित्रपटाने ही सारी हकीकत प्रेमकथेच्या अंगाने सांगितली. मूळ फ्रेंच आवृत्तीत तर पेंग्विनांच्या तोंडी संवादच घातले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच जोडीदाराशी संसार थाटणारे एम्परर सुमारे १५ टक्केच आढळतात. ठरलेल्या बिळाकडे परतणारे हम्बोल्ट त्या मानाने कितीतरी एकनिष्ठ. पण चित्रपटातली याहून महत्त्वाची त्रुटी त्या वेळी कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. एम्पररचे पिल्लू बहुतेक करून समुद्रावर गोठलेल्या, किनाऱ्याला जखडलेल्या बर्फावर वाढते आणि जलरोधक पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, तो बर्फ टिकावा लागतो. बर्फ फार दूरवर पसरला तर आईबापांच्या खेपा लांबतात. फार लवकर फुटला, तर मऊ लव अंगावर असलेली पिल्ले पाण्यात पडून बुडतात किंवा गारठून मरतात. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या मध्य व पूर्व भागातील पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी, पिल्ले समुद्रावर जाण्याजोगी होण्यापूर्वीच बर्फ नाहीसा झाला. उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की त्या चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचले नाही. त्याच वर्षी अमेरिकेने या जातीला संकटाच्या छायेतील प्राण्यांच्या यादीत घातले.

हे जग गोव्याला तसे परके नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. कासिम त्यापूर्वी दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. आजही या मोहिमांचे नियोजन वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते. लार्समन टेकड्यांवरील भारती तळाच्या परिसरात ॲडेली पेंग्विन दिसतात. ते उन्हाळ्यात खडे वेचून घरटी रचतात आणि शेजाऱ्याचे खडे चोरण्यातही वाकबगार असतात. किनाऱ्याच्या त्याच पट्ट्यात ॲमंडा उपसागरावर एम्पररची वसाहत आहे. भारतीय तुकडी तळावर ध्रुवीय रात्र काढत असते, त्याच महिन्यांत तेथे नर पायांवर अंडी घेऊन उभे असतात.

भारताचा दुसरा तळ, मैत्री, ज्या क्वीन मॉड लँडमध्ये आहे, तेथेच आट्का उपसागराची मोठी वसाहत आहे. २०२४ च्या जानेवारीत 'सीक्रेट्स ऑफ द पेंग्विन्स' या मालिकेच्या चित्रीकरणात ड्रोनने तेथे एक विलक्षण दृश्य टिपले. पिल्ले समुद्रबर्फाऐवजी शेजारच्या उंच हिमपट्टीवर जाऊन अडकली होती. पन्नास फुटांच्या कड्याखाली समुद्र, मागे वळून पाहावे तर आईबाप कधीच निघून गेलेले आणि पोटात भूक. बराच वेळ ती काठावर घुटमळली. मग एकाने उडी घेतली आणि त्याच्यामागून शेकडो पिल्लांनी. चित्रणात ती पाण्यावर येऊन पोहत दूर जाताना दिसतात.