पंक्चरवरचे पातळ औषध

घरात आपण जिला बिसिक्लेत म्हणतो, ती मराठीच्या पुस्तकात सायकल होते. पण काटा लागला की दोघींची हवा सारखीच जाते!

पंक्चर ही वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट. परंतु हिवाळ्यात आपल्या बेटावर सहाच्या आधीच सूर्य मावळतो. ट्यूशन आटोपून उसाच्या शेतांमधून घरी निघालेल्या मुलीचे चाक अशा वेळी बसले, तर तिला अंधारात मोटारींच्या कडेने सायकल ढकलत यावे लागते. पहाटे कामावर निघालेल्या माणसाचा अर्धा दिवस बुडतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली मांडली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी ती सायकलीसाठी यशस्वी करून दाखवली. चाक मऊ झाले, प्रवास सुखाचा झाला. पण त्याच दिवसापासून काटा आणि खिळा हे सायकलस्वाराचे वैरी झाले.

आता सायकलच्या दुकानांत या वैऱ्यांवर एक पातळ औषध मिळते. ते ट्यूबच्या आत घालायचे असते. त्याचे काम समजायला अवघड नाही. आपले बोट कापले की रक्त बाहेर येते, गोठते आणि खपली धरते. तसेच येथे होते. ट्यूबला छिद्र पडले की आतली हवा जोराने बाहेर निघते व आपल्याबरोबर हे द्रव छिद्राकडे ढकलते. द्रवातील बारीक तंतू आणि रबराचे कण तेथे अडकतात व बूच बसते.

या औषधाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात रबराच्या झाडाचा चीक असतो. तो हवेच्या संपर्काने घट्ट होतो, छिद्र चांगले बुजवतो, पण काही महिन्यांत आतल्या आत सुकून जातो; उष्ण हवेत तर लवकरच. हा प्रकार विशेषतः ट्यूब नसलेल्या टायरांत वापरतात. दुसरा प्रकार ग्लायकोल नावाच्या द्रवात तंतू मिसळून केलेला असतो. तो पुष्कळ दिवस ओला राहतो, म्हणून साध्या ट्यूबला तोच सोयीचा.

औषध घालण्याची रीत अशी. व्हॉल्व्ह चाकाच्या अगदी तळाशी न ठेवता थोडा बाजूला आणावा. हवा सोडून व्हॉल्व्हच्या आतील लहान पिन काढावी. ही पिन ज्या व्हॉल्व्हमधून निघत नाही, त्याच्या ट्यूबमध्ये औषध घालता येत नाही. विकत घेण्यापूर्वी हे पाहावे. मग बाटली हलवून, तिच्यावर लिहिले असेल तेवढेच माप आत पिळावे. २६ इंची जाड टायरच्या ट्यूबला साधारण १२० मिलिलिटर लागते. पिन परत बसवून हवा भरावी आणि लगेच थोडा वेळ सायकल चालवावी, म्हणजे द्रव सगळीकडे पसरते.

औषध घातलेले नसताना वाटेतच चाक बसले, तरी हीच रीत चालते. मात्र आधी टायरमध्ये रुतलेला काटा शोधून उपटावा, नाहीतर तो पुन्हा पुन्हा भोके पाडीत राहील. काटा काढलेली जागा खाली येईल असे चाक फिरवून थोडा वेळ उभे ठेवावे, मग हवा भरून चालवावे.

आता या औषधाला काय जमत नाही, तेही ऐकावे. काट्याचे किंवा तारेचे छिद्र ते बुजवते. साध्या ट्यूबमध्ये सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत. काळ्या दगडाच्या धारेने टायरची बाजू फाटली, व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब तुटली किंवा खड्ड्यात आपटून ट्यूब चिमटली, तर त्याचा भरवसा धरू नये. चाक फिरताना द्रव बाहेरच्या अंगाला फेकले जाते, त्यामुळे आतल्या अंगाच्या छिद्रापर्यंत ते नीट पोचत नाही. शिवाय औषधाने ओली झालेली ट्यूब पुसून कोरडी केल्याशिवाय तिच्यावर ठिगळ चिकटत नाही.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. औषध आहे म्हणून आपण चाकाकडे पाहणेच सोडतो. टायर झिजून कापड दिसू लागते, ब्रेकची रबरे संपतात, आणि आपण निर्धास्त! औषध काटा थांबवते, निष्काळजीपणा थांबवत नाही.

म्हणून आमचे पालकांना सांगणे आहे की, बाटली जरूर आणावी, पण एखाद्या रविवारी मुलामुलींना अंगणात बसवून जुन्या रीतीचे पंक्चर काढणेही शिकवावे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कसे शोधायचे, काचकागदाने घासून, सोल्यूशन लावून, ते वाळू देऊन ठिगळ कसे दाबायचे, हे हातांनी केल्याशिवाय येत नाही. मुलींना तर अवश्य शिकवावे. पिशवीत लहान पंप, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि ठिगळांची डबी असली, तर अंधाऱ्या वाटेवर कोणाची वाट पाहत बसावे लागणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. सायकलीलाही ते लागू आहे.